मदत हवी आहे: क्रेव्हास रेस्क्यूसाठी (हिमनदीच्या भेगेत पडलेल्याला बाहेर काढण्यासाठी) दोर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये आम्ही तिघं लाहौलच्या बारा शिग्री हिमनदीवर जातोय. हार्नेस, आइस स्क्रू, स्नो पिकेट (बर्फात गाडून दोर बांधायची धातूची पट्टी), पुली जमलंय, अडलंय दोरावर. ८ मिमीचा डायनॅमिक (ताणला जाणारा) घ्यावा की ६ मिमीचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा)? बारीक दोर हलका, पण त्यावर आमची ६ मिमीची प्रुसिक (मुख्य दोराला पकडून ठेवणारी बारीक दोरीची गाठ) सरकन घसरते, मुंब्र्याच्या कातळावर लटकून पाहिलं. शिवाय दोघांमधल्या दोरावरच्या गाठी भेगेच्या काठात रुतून पडणाऱ्याला थोपवतात हे खरं, पण वर ओढताना त्याच गाठी पुलीत अडकतात. मग तुम्ही दुसरं टोक वेगळं खाली सोडता का? मुंबई-ठाण्यात कुणाकडे मायक्रो ट्रॅक्शन (दोर एकाच दिशेने सरकू देणारी छोटी पुली) हाताळायला मिळेल का? पिकेट आडवं गाडायचा सराव तर इथे शक्यच नाही. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगा.