मदत हवी आहे: गाडीची किल्ली आणि चेसिस नंबर, दोन्ही बाहेर गेलेत

नमस्कार मंडळी. माझी २०१७ ची हॅचबॅक आहे, पुण्यात. दिवाळीआधी विकायला काढली होती तेव्हा जाहिरातीत उत्साहाने आरसी बुकाचा फोटोही टाकला, १७ अंकी-अक्षरी चेसिस नंबरासकट. (शहाणपणा नंतर सुचतो!) त्यातच एका गॅरेजमध्ये गाडी दोन दिवस किल्लीसकट ठेवली होती. आता आठवड्यापूर्वी नाशिकचं ई-चलान आलं. त्या दिवशी गाडी आमच्या पार्किंगमध्ये उभी होती, सोसायटीच्या कॅमेऱ्यात दिसतेय. फोटोतली गाडी त्याच रंगाची, नंबरही माझाच, पण टपावर कॅरिअर आहे. माझ्या गाडीला नाही.

चलानाची ऑनलाइन तक्रार केली आहे, पोलीस चौकीत अर्जही देतोय. जुनी साधी नंबरप्लेट काढून एचएसआरपी (सरकारी उच्च-सुरक्षा नंबरप्लेट) बसवायची राहिली होती, तेही आता करतोय.

खरी भीती किल्लीची आहे. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाला तपासणीचं यंत्र जोडायची जागा) यंत्र लावून नवी चिपची किल्ली गाडीला ओळखायला लावता येते, हे खरं ना? मग जुन्या किल्ल्या इमोबिलायझरच्या (किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) मेमरीतून पुसून घेणं पुरेसं आहे का, की दाराचं लॉकही बदलावं? कुणी हे करून घेतलंय का, साधारण खर्च किती आला? ओबीडीला कुलूप, स्टीअरिंग लॉक, लपवलेला जीपीएस यांपैकी आधी काय घ्यावं? आणि चोरी झालीच तर विमावाले दोन्ही मूळ किल्ल्या मागतात म्हणे, मग किल्ल्या बदलल्याचं त्यांना आधी लेखी कळवावं का?