भरतीचे आकडे सगळ्यांना पाठ, तक्रार प्राधिकरण कोणाला माहीत आहे?

चौकस_नागपूरकर
पोलीस भरती निघाली की सगळे पक्ष आकड्यांवर भांडतात. २०२२-२३ ला १८,३३१ जागा, अर्ज अठरा लाखांच्या घरात. २०२४ ला १७,४७१ जागा, अर्ज सतरा लाखांवर. जागा कमी का, उशीर का, यावर सभागृहात आरडाओरडा होतो. त्या गोंधळात पोलिसांच्या गैरवर्तनाच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचं नाव मी तरी कधी ऐकलं नाही.

पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं: राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात असं प्राधिकरण हवं, आणि त्याची शिफारस बंधनकारक हवी. महाराष्ट्राने पोलीस कायद्यात दुरुस्ती केली ती २०१४ ला, आणि तीही कातरून. जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग आणला. म्हणजे गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या माणसाने पोलिसांविरुद्ध दाद मागायला नागपूरकडे बघायचं! वर सरकारला कारणं नोंदवून अहवाल नाकारायची सोयही ठेवली.

माझं म्हणणं एवढंच की नव्या पदांना मंजुरी देता, त्याच निर्णयात जिल्हा प्राधिकरणासाठी माणसं आणि पैसा द्या. नुसती संख्या वाढवून काय होणार?

खाकीच्या_घरातली
काय होणार ते मी सांगते. माझ्या घरचे जेवायला घरी येतील. गणपती, निवडणूक, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा, काहीही असो, साप्ताहिक सुट्टी आधी जाते. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला, तो एका शिपायानेच सुचवला होता. २०२२ ला महिला पोलिसांसाठी आठ तास जाहीर झाले. दोन्ही वेळा गाडी एकाच जागी अडली: माणसं कुठून आणायची?

तुम्हाला पोलिसांवर नजर ठेवायला आणखी एक कार्यालय हवंय. पोलिसांचं ऐकायला कोण आहे? ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांनी बंड केलं, रस्त्यावर लष्कर आलं, आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. तेव्हापासून शिपायाला तोंडच नाही.

सरळमार्गी
वहिनींशी सहमत. आधीच मानवाधिकार आयोग, न्यायालय, खातेनिहाय चौकशी, माहिती अधिकार, वर प्रत्येकाच्या हातात मोबाईलचा कॅमेरा. अजून एक प्राधिकरण आलं की ठाणे अंमलदार कोणाला हात लावायला धजणार नाही. फायदा गुंडांचा.

कोर्टाच्या_पायरीवर
सरळमार्गी साहेब, त्या प्राधिकरणापुढे काय येतं ते एकदा वाचा. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, घर-जमीन बळकावणं. यातलं काय करायला पोलिसांनी धजावं असं तुमचं म्हणणं आहे?

परभणीचं प्रकरण घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये अटकेतले सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावले. पोलिसांवर गुन्हा नोंदवा हे सांगायला जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथेही हरलं. गावपातळीवरच्या किती कुटुंबांना हा पल्ला झेपेल? माझ्याकडे येणारे तर "तक्रारच घेत नाहीत साहेब" एवढंच सांगत येतात. त्यांना आधी अधीक्षकांकडे अर्ज करायला लावायचा, मग शपथपत्र जोडून दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५६(३), आता नागरिक सुरक्षा संहितेचं १७५(३). तोवर वर्ष सरतं.

चौकस, तुमच्याही एका गोष्टीला माझा विरोध आहे. जिल्हा प्राधिकरणात निवृत्त पोलीस अधिकारीच बसणार असतील तर जिल्ह्यात एक पाटी वाढेल, बाकी काही नाही.

मैदान_पहाटे_५
तुम्ही सगळे नोकरीवाले आहात वाटतं. आमच्यासारख्या भरतीची तयारी करणाऱ्यांचा विचार करा. खुल्या गटाला २८ वर्षांची मर्यादा, भरती दोन वर्षं लांबली की पोरं बाद. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक मिळून ५० गुण, लेखीला १००. उन्हातान्हात, पावसात मैदानी चाचणी घेतात, २०२४ ला एक उमेदवार जीवानिशी गेला. आधी वेळेवर भरती करा, मग प्राधिकरण बिधिकरण.

चौकस_नागपूरकर
भाऊ, तुमचं वय जातंय याला मीही सरकारलाच जबाबदार धरतो. जागा रिकाम्या ठेवल्या की त्यांना सोपी वाट सापडते. २०२३ ला मुंबईत ३,००० जण राज्य सुरक्षा महामंडळाकडून अकरा महिन्यांसाठी घ्यायचं ठरलं. टीका झाल्यावर ही कंत्राटी भरती नाही, त्यांना पहाऱ्यासारखी कामं देऊ, असा खुलासा आला. आता अशा जवानाने कोणाला ठोसा मारला तर तो पोलीस धरायचा की नाही? प्राधिकरणाकडे जायचं की महामंडळाकडे? वकील साहेब सांगतील.

कोर्टाच्या_पायरीवर
वाद घालता येईल, दोन्ही बाजूंनी. अशिलाने मात्र असल्या वादात पडू नये असंच सांगेन.

सरळमार्गी
बघा, म्हणूनच म्हणतो, कायमस्वरूपी भरती करा, विषय मिटला.

खाकीच्या_घरातली
मिटत नाही भाऊ. वकील साहेबांनी सांगितलेल्या यादीतलं काही केलं असेल त्याला पाठीशी घाला असं मी म्हटलेलंच नाही. पण त्याच प्राधिकरणाकडे शिपायालाही जाता आलं पाहिजे. रजा नाकारली, साहेबांच्या बंगल्यावर भाजी आणायला पाठवलं, वरून तोंडी आदेश आला आणि निलंबन खालच्याचं झालं, हे तिथे ऐकणार असतील तर चौकस, तुमच्या मागणीवर माझी सही. नाहीतर नाही.

चौकस_नागपूरकर
सध्याच्या कायद्यात ते बसत नाही ताई. तिथे पोलिसांच्या गैरवर्तनाची तक्रार जाते, पोलिसांच्या सेवेची गाऱ्हाणी नाहीत.

खाकीच्या_घरातली
मग कायदा बदलायची मागणी करा की. २०१४ ला बदलता आला होता ना?