प्लेटा नव्या टाकल्या तरी क्लच सुटेना?
जुन्या मोटरसायकलबद्दल एकाने म्हटलंय की क्लचच्या प्लेटा नव्या टाकूनही पहिला गिअर धाडकन पडतो आणि गरम गाडी न्यूट्रलला येत नाही, म्हणजे प्लेटाच नकली असणार. असेलही, पण मला तसं वाटत नाही. आधी क्लच बास्केट, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात ती खाचांची वाटी, हातात घ्या आणि खाचांच्या कडेवरून नख फिरवा. प्लेटांचे कान, म्हणजे खाचांत बसणारी कडेची टोकं, वर्षानुवर्षं तिथेच आदळून बारीक दातरे पडतात. लिव्हर दाबला की प्लेटांनी सरकायचं, तर त्या तिथेच अडकून बसतात. दातरे उथळ असतील तर बारीक कानशीने कडा सपाट करा. खोल असतील तर बास्केट बदलणंच बरं, कारण जास्त घासलं की खाच रुंद होते आणि कान पुन्हा ठोकायला लागतात. माझ्या गाडीत हेच होतं, आणि मी त्याआधी दोन सेट प्लेटा वाया घालवल्या होत्या!

जोडल्यावर कव्हर लावायची घाई नको. लिव्हर दाबून किक हळूहळू फिरवा आणि प्रेशर प्लेटची, म्हणजे स्प्रिंगांच्या जोरावर बाकी प्लेटा दाबून धरणाऱ्या प्लेटची, कड बघा. डुगडुगत असेल तर जी बाजू कमी उचलते तिथली स्प्रिंग अर्धा आटा सैल करा. प्रायमरी चेनचा (इंजिनकडून क्लचला फिरवणाऱ्या चेनचा) ढिलेपणाही एकाच जागी मोजू नका, जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सर्वांत घट्ट जागा शोधून तिथे मोजा. गिअरबॉक्स मागे सरकवून ताण द्यायचा असेल, तर त्याने मागच्या चाकाची चेन सैल होते, म्हणून नंतर तीही पुन्हा बघावीच लागते.