'कॅप्चर'ला मराठीत काय म्हणायचं?

अर्धविराम: पेसमेकरवाल्या रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. ईसीजीच्या पट्टीवर पेसमेकरचा झटका बारीक उभ्या रेघेसारखा दिसतो, ती स्पाइक. तिच्या पाठोपाठ रुंद क्यूआरएस (पट्टीवरचा ठोक्याचा मोठा आकार) उमटला, म्हणजे झटक्यानं हृदय आकसलं, की 'कॅप्चर' झालं. मी 'पकड' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी 'ग्रहण' केलं. आता लोक सुतक पाळतील!

कानामात्रा: 'पकड' तरी कुठे बरी? ती हातोडीशेजारी असते.

उभी रेघ: मी ईसीजी काढते. आम्ही म्हणतो, 'स्पाइक आहे, बीट नाही'. आणि रेघ दिसेलच असंही नाही. बायपोलर तारेची (विजेची दोन्ही टोकं हृदयातच असलेल्या) इतकी बारीक येते की एकदा मशीनला ती सापडलीच नाही, त्यानं सरळ लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूची विजेची वाट अडल्याचं निदान) छापला. चित्र खरंच तसं दिसतं, कारण झटका उजव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, बसतो आणि डावी मागाहून आकसते.

गोष्टीवेल्हाळ: औषधाला आजार दाद देत नाही म्हणतो ना? मग 'हृदयानं झटक्याला दाद दिली नाही' लिहा.

शुद्धमती: 'दाद' फारसी आहे. 'प्रतिसाद' असताना उसनवारी कशाला?

गोष्टीवेल्हाळ: 'पेसमेकर' काय मग वेदातला? प्रतिसाद सभेतही मिळतो. दाद न देण्यात जो हट्ट आहे, तो त्यात कुठाय?

अर्धविराम: 'दाद' आवडलं. पण फ्यूजन बीटचं काय? हृदयाचा स्वतःचा ठोका नि पेसमेकरचा एकाच वेळी आले की अधलामधला आकार उमटतो, तो?

कानामात्रा: जोडठोका. जोडाक्षरासारखा.

मागचं बाक: आमच्या अण्णांचे स्वतःचे ठोके परतले, पेसमेकर गप्प होता, तरी कितीतरी दिवस ईसीजीत टी लहर (क्यूआरएसनंतरची) उलटीच यायची. आम्ही घाबरलो. डॉक्टर म्हणाले, पेसिंगची आठवण आहे, ओसरेल. 'कार्डियाक मेमरी'ला 'हृदयस्मृती' म्हणू नका हं, कवितासंग्रह वाटतो.

शुद्धमती: ते राहू द्या. वर 'जवनिका' कुणी लिहिलं? आता 'निलय' म्हणतात. जवनिका म्हणजे नाटकाचा पडदा.

उभी रेघ: शाळेत आम्हाला कर्णिका-जवनिकाच होत्या.

मागचं बाक: 'जव' म्हणजे वेग. रक्त वेगानं ढकलते ती जवनिका, असं माझं मत.

कानामात्रा: यवनिकेची झाली जवनिका असंही काही जण म्हणतात, वेगाचं नक्की नाही!

अर्धविराम: अहो, पत्रक उद्या छापायला जातंय. दाद की प्रतिसाद?

शुद्धमती: निलय म्हणजे घर. पडद्यापेक्षा बरंच ना?