ऑल व्हील ड्राइव्ह आणि चेन
गाडी ऑल व्हील ड्राइव्ह (म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना) आहे म्हणून बर्फात टायरवर लावायची चेन घेतच नाही, असं काही जण म्हणतात ना, ते अर्धंच बरोबर आहे. कॅलिफोर्नियात टाहोच्या डोंगराळ भागाकडे जाताना आर-२ (चेनसक्तीच्या तीन टप्प्यांपैकी दुसरा) लागला असेल तर चारही टायर स्नो ट्रेडचे, म्हणजे साइडवॉलवर (टायरच्या बाजूला) एम प्लस एस (मड अँड स्नो) असेल तरच चेन न लावता सोडतात, पण तरी चेन गाडीत असायलाच हवी. आर-३ ला कुणालाच सूट नाही, अर्थात तोवर बहुतेकदा रस्ताच बंद करतात. आणि ऑल व्हीलने गाडी नीट उचलते हो, ब्रेक मारल्यावर काही उपयोग नाही, उतारावर कळतं! चेन आधी घरी एकदा लावून बघा, बर्फात बोटं बधिर झाली की आतल्या बाजूचा हुक काही केल्या लागत नाही.