वाशिष्ठीकाठची फुलपाखरं: मिटलेल्या पंखांवरून ओळखायची कशी?

नमस्कार मंडळी, फुलपाखरांतल्या जाणकारांची मदत हवी आहे.

आमचं घर चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या काठी. कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेलं पाणी या नदीत येतं, त्यामुळे मे महिन्यातही काठची वाळू ओली असते. गुरं पाण्यावर येतात त्या उतारावर ऊन चढलं की फुलपाखरांची नुसती झुंबड उडते. कॉमन एमिग्रंट दाटीवाटीने बसतात, मधूनच एखादा नीलवंत येतो. पण माझं घोडं अडलंय ते काळ्यावर निळसर-हिरवा पट्टा असलेल्यांपाशी. सोंड वाळूत, पंख सारखे थरथरत, आणि पोटाच्या टोकातून पाण्याचे थेंब बाहेर! हे फुलपाखरू ‘कॉमन जे’ (Common Jay) की ‘ब्लूबॉटल’? उघडे पंख नीट बघायलाच मिळत नाहीत.

शिवाय जरा पुढे सरकलं की सगळा थवा उठतो. मिठाचं पाणी शिंपडा म्हणजे बसून राहतील असं एकाने सुचवलं, पण मला ते पटत नाही. तुमचं मत काय?

आणि मनाला सर्वात जास्त लागलेली गोष्ट: नेमक्या याच पट्ट्यावर लोक गाड्या धुवायला उतरवतात. हा उतार राखायचा तर ग्रामपंचायतीपुढे काय ठेवावं?

प्रतिसाद:
मिटलेल्या पंखांतही पुढच्या पंखाची कड दिसते, तिथेच बघा. पट्ट्याच्या बाहेर बारीक ठिपक्यांची ओळ असेल तर कॉमन जे. ब्लूबॉटलच्या पुढच्या पंखावर फक्त पट्टा, बाहेर कोरा काळा रंग. हिरवे सुटे ठिपके आणि मागे छोटी शेपटी असेल तर टेल्ड जे. आसपासची झाडंही बघून ठेवा. दोन्ही ‘जे’ फुलपाखरांच्या अळ्या आसुपालव, सोनचाफ्यावर वाढतात, ब्लूबॉटलच्या दालचिनीवर.

मीठ अजिबात नको. हे बहुतेक नर असतात, क्षारांसाठीच वाळूवर येतात आणि ते क्षार गुरांच्या मुतामुळे तिथे आहेतच. तुमची सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, बसून पुढे सरका. थवा उठला तर हलू नका, बहुतेक वेळा परत बसतो.

ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत हा उतार नोंदवायला अर्ज द्या. सोबत तारीख, वेळ, पंखांच्या खालच्या बाजूचे फोटो. वीजनिर्मितीचं पाणी वाढून वाळूचा पट्टा बुडतो, तेही टिपून ठेवा. नाहीतर एखाद्या दिवशी फुलपाखरं का नव्हती ते कळणार नाही.

धागाकर्ता:
खूप आभार! आमच्या परसात दालचिनी आहे, आता कोवळी पानं उलटून बघतो. अर्जाचा मसुदा कुणाकडे असेल तर इथेच टाका. चिपळूण-गुहागर भागात कुणी अशा नोंदी ठेवत असेल तर जरूर कळवा, एकत्र अर्ज देऊ.