जुन्या वाड्याचा साग चिरायला कार्बाईड टिपची पट्टी? माझं मत: घेऊ नका

रंधा (पुणे)

मागच्या महिन्यात आमच्याकडे पाडलेल्या वाड्याच्या चार तुळया आल्या. साग, उंची आठ इंच, रुंदी सहा. वरून धुरकटलेल्या, पण जरा रंधा मारला की आत मधासारखा रंग. त्यांच्या फळ्या काढायच्या होत्या. बॅण्डसॉला, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या करवतीला, पट्टी कुठली लावू असं ज्याला विचारलं, त्याने कार्बाईड टिपचीच (दात्यांच्या टोकाला अतिकठीण कार्बाईडचा तुकडा बसवलेली) सांगितली. मला ते पटत नाही. नवीन मुलं असं ऐकून कामाला लागायच्या आधीच मोठी रक्कम घालवतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

१४ इंची चाकाच्या मशीनवर जुनं लाकूड चिरायचं असेल तर रोलमधून कापून, जोड मारून घेतलेली साधी मऊ पट्टी घ्यावी. इंचाला ३ दाते असावेत. आणि धार स्वतः लावायला शिकावं.

पहिलं कारण खिळे. तुळईवर चुंबक फिरवून आम्ही बावीस खिळे उपसले, तरी एक राहिलाच. डोकं तुटलेलं, वरून लाकूड मिटलेलं. पट्टी त्याला भिडली तसा किर्र आवाज झाला आणि दहा-बारा दात्यांची टोकं गेली. कानस मारून पट्टी त्याच दुपारी पुन्हा चढवली. ते दाते बाकीच्यांच्या उंचीला यायला अजून दोन-तीन धारा लागल्या, पण काम थांबलं नाही. कार्बाईडची टिप खिळ्यावर उडाली असती, आणि उडालेली टिप आपल्याला घरी बसवता येत नाही.

दुसरं कारण मशीनचा आकार. या मशीनची साडेत्र्याण्णव इंची पट्टी मिनिटाला ९०० मीटरने धावली तर तिचे जवळपास ३८० फेरे होतात. दर फेऱ्यात ती वरच्या चाकावर एकदा आणि खालच्या चाकावर एकदा वाकते, म्हणजे मिनिटाला साडेसातशेच्या वर वेळा. रुंद कार्बाईड पट्ट्यांची पाठ बऱ्याचदा जाड असते. लहान चाकावर ती जास्त ताणली जाते आणि दोन दात्यांमधल्या खाचेत तडा जातो. शिवाय रुंद पट्टीला लागणारा ताण या मशीनची स्प्रिंग देतच नाही.

धार अशी लावतो: जोडावर खडूची खूण करायची, तिथून सुरुवात. प्रत्येक दात्याला कानशीचे दोनच हात, कानस पट्टीला काटकोनात, परत येताना उचलून. २८० दाते होतात. कानशीचा कोपरा गोल हवा. तिकोनी कानशीचा टोकदार कोपरा खाचेत उतरला की तडा तिथूनच सुरू होतो.

वखारवाला (बल्लारपूर)

रंधादादा, तुमची मेहनत दिसते, पण सल्ला चुकतोय. सागात सिलिका असते, काही लाकडात १.४ टक्क्यांपर्यंत. ती वाळूच आहे. मऊ पट्टीची धार त्यात किती टिकणार? आमच्याकडे रोज साग चिरला जातो. पट्टीची धार बसली की आधी आवाज बदलतो, मग भुसा पिठासारखा बारीक पडायला लागतो, मग फळीला पोट सुटतं. तुम्ही दर वेळी २८० दाते घासत बसलात तर फळ्या कधी काढणार?

मोठ्या आऱ्यांच्या दात्यांवर स्टेलाईट चढवतात ते याचसाठी. कोबाल्ट-क्रोमचा मिश्रधातू आहे, सागाला पुरून उरतो. तुमच्या मशीनला तो नको, पण चिवट टोकाची पट्टी सागाला लागते हे तर मान्य करा. कमी रुंदीची, पातळ पाठीची कार्बाईडही मिळते. आणि वर्षातून एखादा खिळा लागतो म्हणून उरलेले सगळे दिवस बोथट पट्टीने ढकलायचं?

रंधा

वर्षातून एखादा? या चार तुळयांतच बावीस निघाले. तुमच्या डेपोतल्या ओंडक्यात खिळे नसतात, माझ्या मालात ठासून भरलेले असतात. मोठ्या चाकावर रोज नवा साग चिरणाऱ्याने स्टेलाईट घ्यावं, त्यावर वाद नाही. मी एका माणसाच्या कारखान्याबद्दल बोलतोय.

फणसपाट (कुडाळ)

मी फणस आणि शिसव चिरते, पेट्यांसाठी. तुम्हा दोघांच्या भांडणात बायमेटलचं नावच निघालं नाही याचं वाईट वाटतं. पाठ लवचीक स्टीलची, दात्याचं टोक हायस्पीड स्टीलचं. साध्या पट्टीच्या कितीतरी पट टिकते आणि लहान चाकावर नीट वाकते. कानस तिच्यावर घसरते हे खरं. मी हातातल्या ग्राइंडरला बारीक दगड लावून दात्याला नुसता स्पर्श करते.

पण मला वखारवाल्यांच्या पोट सुटण्याबद्दल बोलायचं आहे, कारण त्या एका गोष्टीपायी मी खूप शिसव वाया घालवलंय. दर वेळी धारच गेलेली असते असं नाही. आठ इंच उंच लाकडात ३ दात्यांच्या पट्टीचे २४ दाते एका वेळी आत असतात. खाचेतला भुसा खाली उतरेपर्यंत त्या खाचेला तो पोटात धरावा लागतो. मी सुरुवातीला काप गुळगुळीत यावा म्हणून ६ दात्यांची पट्टी लावायचे. खाचा लहान, भुसा ठासायचा, पट्टीला जागा मिळेल तिकडे ती वळायची. वरची कड सरळ, खालची कड सरळ आणि मधे फळी फुगलेली. ३ दात्यांवर आले, लाकूड हळू सारायला लागले, आणि फुगणं गेलं. काप खडबडीत येतो, तो रंधा साफ करतो.

मेपलकाठ (टोरांटो)

इथे मी मेपल आणि अक्रोड चिरतो. दोन्ही कठीण, पण सागासारखी सिलिका नाही. साधी कार्बन पट्टी मला भरपूर पुरते. त्यामुळे कठीण लाकडाला अमुक पट्टी, असं सरसकट सांगू नये असं मला वाटतं. लाकडाचं नाव आधी विचारावं.

वखारवाला

फणसपाट ताई, खाचेचं अगदी बरोबर बोललात. पण दादांच्या कानशीवर माझा अजून आक्षेप आहे. प्रत्येक धारेला दात्याची फाक, म्हणजे दाते आळीपाळीने दोन्ही बाजूंना वाकवलेले असतात ते वाकण, थोडी कमी होते. चार-पाच धारांनंतर पक्कड घेऊन दाते पुन्हा फाकवावे लागतात, आणि एका बाजूची फाक जास्त झाली की पट्टी त्या बाजूला पळते. नवीन मुलांना हे कोण सांगणार? दोष गाईडला (पट्टीला सरळ धरणाऱ्या आधाराला) देतात आणि गाईड फिरवत बसतात.

रंधा

हे मी लिहायला हवं होतं, राहिलं. मी दर चौथ्या धारेला फाकवतो आणि भंगारातल्या फळीवर एक काप घेऊन बघतो. काम संपल्यावर ताण सोडतो, आणि दात्यांवर चिकटलेला सागाचा चिकटा रॉकेलच्या बोळ्याने पुसतो. चिकटा राहिला की धार असूनही पट्टी तापते. तरी पट्टीबद्दल माझं मत तेच.

वखारवाला

माझंही तेच. फक्त खिळ्यांसाठी एक सांगतो: चुंबकाच्या आधी तुळईवर पातळ रंधा मारून घ्या. लोखंड असेल तिथे सागावर काळा डाग धरलेला असतो, डोकं तुटलेलं असलं तरी. तो डाग खडूने घेरा आणि तिथे पटाशीने खोदून बघा.